गोबरगॅसच्या पोटात काय जातं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला सफाळ्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात एका घरी जाणं झालं. काम भाताच्या बियाण्याचं होतं. बोलता बोलता परसात नजर गेली, तर गोबरगॅसच्या घुमटावर फाटी रचून ठेवलेली. विचारलं, "काकू, गॅस चालत नाही का?" त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची टाकी मेली. होळीपासून मेलीय." गवंड्यानं बांधकाम कच्चं केलं, कुठंतरी चीर गेली असणार, असं घरातल्या सगळ्यांचं मत. गवंडी गावातलाच. त्याच्याशी बोलणंही बंद झालेलं.

साबणाचं पाणी लावून पाइप, कॉक, घुमटाची मान सगळं तपासलं. एकही बुडबुडा नाही. मग विचारलं, "टाकीत काय काय घालता?" तेव्हा हळूहळू उलगडा होत गेला. दिवाळीनंतर दोन जनावरं विकली, शेण कमी पडू लागलं. जवळच्या एका पोल्ट्रीतून कोंबडखत स्वस्तात मिळालं, ते शेणाच्या जागी सुरू केलं. गोठा धुताना फिनेल वापरायचे, ते पाणी थेट मिश्रणाच्या कुंडीत उतरायचं. वरून कोणीतरी सांगितलं म्हणून दोनदा चुना टाकला. म्हणजे गवंडी निर्दोष होता. टाकी फुटली नव्हती, टाकीला विषबाधा झाली होती.

वाचकहो, ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या पालघर, बोईसर, डहाणू पट्ट्यात फिरताना बंद पडलेली टाकी दिसली की दोनच कारणं ऐकू येतात: "बांधकाम खराब" नाहीतर "सरकारी योजनेचं असंच असतं". टाकीच्या पोटात काय गेलं हे कोणी विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून आज या पानावर टाकीच्या पोटाविषयी जरा सविस्तर लिहितो आहे.

विरजणासारखं काम

गोबरगॅस हे यंत्र नव्हे, तो जिवंत कारभार आहे. टाकीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची दोन कुळं राबत असतात. पहिलं कुळ शेण, पाला, उष्टं कुजवून त्याची आम्लं करतं. दुसरं कुळ त्या आम्लांपासून मिथेन करतं, आणि शेगडीत जळतो तो हाच मिथेन. लग्नघरात एक जण भाजी चिरतो, दुसरा शिजवतो, तसं समजा. चिरणारा दणकट आहे, काहीही दिलं तरी चिरत राहतो. शिजवणारा मात्र नाजूक. त्याला हवा चालत नाही, थंडी सोसत नाही, विष तर अजिबात नाही. तो आजारी पडला की चिरलेल्या भाजीचे ढीग लागतात, म्हणजेच टाकीत आम्लं साचतात. आंबटपणा वाढला की तो आणखी आजारी होतो. असं हे दुष्टचक्र.

शिवाय या दुसऱ्या कुळाची वाढ फार सावकाश. दुधाला विरजण लावलं की सकाळी दही मिळतं. इथं मात्र मेलेलं विरजण पुन्हा धरायला आठवडेच्या आठवडे जातात. एका दुपारी ओतलेल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची किंमत महिनाभर चुलीच्या धुरानं मोजावी लागते, आणि तो धूर घरातल्या बाईच्या डोळ्यांत जातो.

आपल्या मुलखाला हे शास्त्र नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासूनचा गॅस वापरात आणल्याची नोंद आहे. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाचं तरंगत्या टोपीचं संयंत्र आलं, १९८४ साली दीनबंधू आलं. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेलं 'मलप्रभा' संयंत्र घडवलं आणि उभा जन्म त्याच कामात घालवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या आरती संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं, त्याला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठाननं घरोघर टाक्या उभ्या केल्या. तंत्र कोकणात चालतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

अमोनियाचा हिशेब

आता विषांकडे वळू. आपल्याकडचं पहिलं विष म्हणजे अमोनिया. शेणात नत्र साधारण ०.३ ते ०.४ टक्के असतं, सुक्या कोंबडखतात ते २ ते ३ टक्क्यांपर्यंत जातं. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी लागतं. त्यातून जवळपास १७५ ग्रॅम नत्र आत जातं. त्याऐवजी ३ टक्क्यांचं २० किलो कोंबडखत १०० लिटर काल्यात घातलं, तर नत्र झालं ६०० ग्रॅम. त्यातल्या निम्म्याचा जरी अमोनिया झाला तरी लिटरमागे ३ ग्रॅम पडला. दीड ग्रॅमपासून त्रास सुरू होतो आणि तीन ग्रॅमच्या पुढे सवय नसलेली टाकी बसते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. काकूंच्या टाकीत नेमकं हेच झालं.

त्यात चुन्याची गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. अमोनिया दोन रूपांत असतो. एक पाण्यात बांधलेला, तो फारसं नुकसान करत नाही. दुसरा मोकळा, तो जिवाणूंच्या अंगात शिरतो. पस्तीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया शेकडा १ असतो. पीएच ८ झाला की तोच शेकडा १० होतो. म्हणजे चुना टाकून पीएच वाढवला की विष दहापट! आंबट झालेल्या टाकीला चुना हे औषध आहे, अमोनियानं पडलेल्या टाकीला तोच चुना जहर आहे. दोन्ही आजारांत गॅस कमी होतो, म्हणून लोक फसतात. शिवाय अमोनियाच्या टाकीत पीएच अनेकदा ठीकठाकच दिसतो, कारण साचलेल्या आम्लांना अमोनियाच सावरून धरतो. तेव्हा नुसत्या पीएच कागदावर विसंबू नका. नाकाला विचारा आणि टाकीत महिनाभर काय गेलं ते आठवा.

कोंबडखत वापरूच नका, असं मी म्हणत नाही. दहा भाग शेणाला एक भाग कोंबडखत, त्याच्या दुप्पट-तिप्पट जादा पाणी, आणि सोबत बारीक चिरून भिजवलेला भाताचा पेंढा, असं हळूहळू वाढवत गेलात तर टाकीला सवय होते. पेंढ्यात कर्ब जास्त, नत्र कमी. कर्ब-नत्राचं प्रमाण वीस ते तीसला एक असं राखायचं, हे सूत्र. पेंढा फार झाला तर वर साय धरते, म्हणून ढवळणं विसरू नका. आणि एक गोष्ट: ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीवर जी औषधं मिसळतात, त्यांतली काही या मिथेनवाल्या जिवाणूंना मारक असतात. पोल्ट्रीवाल्याला तेवढं विचारून घ्या.

मासळी, मीठ आणि पानवेल

दुसरं विष आपल्या किनाऱ्याचंच आहे. दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे या पट्ट्यात मासळीची घाण टाकीत घालायचा मोह होतो. मासळीत गॅस भरपूर आहे, पण प्रथिनंही भरपूर. त्यातून अमोनिया तर येतोच, वर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही येतो. शेगडीचा बर्नर काळा पडतो, पाइप गंजतो आणि लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर तो साठला की जिवाणूही दबतात. साखर कारखान्यांच्या आसवन्यांना मळीच्या सांडपाण्यातल्या सल्फेटमुळे हीच डोकेदुखी होते, म्हणून तिथं गॅस धुण्याची वेगळी सोय करावी लागते. आपण घरी मासळीचं प्रमाण शेणाच्या विसाव्या भागाच्या आत ठेवावं, आणि गॅसच्या पाइपात गंजलेल्या लोखंडी किसाची एक नळी बसवावी. त्यानं शेगडी वाचते. टाकीत हिराकस मात्र टाकू नका. त्यात जेवढं लोह, तेवढंच गंधक. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

मिठाचं म्हणाल तर समुद्राच्या पाण्यात लिटरला पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. लिटरला साडेतीन ते साडेपाच ग्रॅमला टाकी अडखळू लागते. म्हणजे काल्यातलं तिसरा हिस्सा पाणी खारं असलं तरी संकटाला निमंत्रण. मासळी धुतलेलं खारं पाणी, खारवलेल्या बोंबलाच्या टोपल्यांचं पाणी, उन्हाळ्यात खारी होणारी खाडीकाठची विहीर, यांतलं काहीही मिश्रणाच्या कुंडीत नको. जिभेला खारट लागेल ते पाणी टाकीला नको, एवढं सोपं आहे.

केळवे-माहीमकडे पानवेलींच्या वाड्या आहेत. पानवेलीच्या रोगावर बोर्डो मिश्रण मारतात, १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबं. बुरशीला मारणारं तांबं टाकीतल्या जिवाणूंना कसं सोडेल? ताज्या फवारणीचा पाला, फवारणीचं भांडं धुतलेलं पाणी, कीटकनाशकाच्या बाटल्यांचं धुवण हे टाकीपासून लांब ठेवा. लिंबू-संत्र्याच्या सालीही तशाच, त्यांतलं तेल जंतूनाशक असतं. थोड्या चालतील, पाटीभर नकोत.

घरातलीच विषं

तिसरा वर्ग सगळ्यांत वाईट, कारण ही विषं आपण स्वच्छतेच्या नावाखाली ओततो. फिनेल, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचं अ‍ॅसिड, कपड्याच्या पावडरचं पाणी. संडास टाकीला जोडला असेल तर साध्या पाण्यानं आणि ब्रशानं धुवा. न्हाणीचं पाणी परसातल्या केळींना द्या. गोठ्याला दोन वाटा करा: रोजची शेणाची वाट टाकीकडे आणि फिनेलनं धुतलं त्या दिवशीची वाट शोषखड्ड्याकडे. एक फळी आणि मूठभर सिमेंट, एवढाच खर्च.

गाईला कासदाह झाला आणि पशुवैद्यकांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, तर जितके दिवस दूध विकायचं नाही म्हणून सांगतात तितके दिवस तिचं शेणही उकिरड्यावर टाका. दुधाचं आपण ऐकतो, शेणाचं कोणी सांगतच नाही.

सफाळ्याच्या आणि बोईसरच्या खाणावळवाल्यांना वेगळं सांगतो. भात, चपात्या, मैद्याचे पदार्थ एकदम पडले की पहिल्या कुळाची दिवाळी होते आणि टाकी दोन दिवसांत आंबते. तळणाचं जुनं तेल ओतलं की त्यातली चरबीची आम्लं जिवाणूंवर लेप चढवतात. खरकटं बारीक करून, रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापानं द्या आणि त्यात थोडं शेण कायम राहू द्या. नुसत्या खरकट्यात निकेल, कोबाल्टसारखी अंशमात्र लागणारी द्रव्यं कमी पडतात, ती शेणातून मिळतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' पद्धतीत हीच अडचण ओळखून दोन टाक्या केल्या आहेत. पहिलीत गरम पाणी आणि हवा देऊन कचरा आधी कुजवतात, मग दुसरीत मिथेन होतो. चिरणारा आणि शिजवणारा यांची घरंच वेगळी केली म्हणा ना!

आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून कोणी "फुकट गाळ आहे, टाकीत घाला, खत होईल" असं सांगत टेम्पो घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होतं, हे विसरू नका. रासायनिक गाळातले जड धातू आणि द्रावणं टाकी तर मारतीलच, पण स्लरीबरोबर तुमच्या शेतात उतरतील, आणि शेतातून ती काढायचा उपाय कोणाकडे नाही.

टाकी पडली तर

गॅस येतो पण ज्योत धरत नाही, स्लरीला आंबट वास येतो, पीएच साडेसहाच्या खाली जातो: ही आम्लाची टाकी. खुराक बंद करा, चालू टाकीतली पाच-दहा बादल्या स्लरी विरजण म्हणून घाला, चुन्याची निवळी थोडी थोडी, पीएच बघत, सातपर्यंतच. स्लरी डोळ्यांना झोंबते, नाकात मुताऱ्यासारखा वास जातो: ही अमोनियाची टाकी. चुना नको. खुराक बंद करा, निर्गमाकडून तिसरा हिस्सा स्लरी उपसून काढा, तेवढं गोडं पाणी आणि विरजण घाला, आठ-दहा दिवस थांबा. मग रोज पाव माप शेण, आठवड्यानं अर्धं, असं वाढवा. घाई केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकी दुरुस्त करायला कोणीही आत उतरू नका. बंद पडलेल्या टाकीतही नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं म्हणून एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. एकाच घरातल्या लोकांसह पाच जणांचा जीव गेला. सल्फाइडचा वास जास्त झाला की नाकच बधिर होतं, धोका कळतच नाही. माणूस आत पडला तरी मागोमाग उडी घेऊ नका. हवा सोडा, दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा.

आमचीही चूक आहे

आता थोडं आम्हा विस्ताराच्या माणसांविषयी. टाकी बांधून झाली, फोटो निघाला, अनुदान जमा झालं की आमचा कागद पूर्ण होतो. किती टाक्या बांधल्या याचा आकडा सगळीकडे मिळतो. तीन वर्षांनी त्यांतल्या किती पेटतात, याची नोंद ठेवायची सवय आम्हाला लागली नाही. काकूंच्या घरी टाकी बांधली तेव्हा शेण किती घालायचं एवढं सांगितलं गेलं. काय घालायचं नाही, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मीही इतर कितीतरी घरांत ते सांगितलेलं नाही. पदविकेच्या पुस्तकात कर्ब-नत्राचं प्रमाण पाठ केलं होतं, फिनेलचा धडा मात्र परसातच शिकलो.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. टाकीसोबत प्रत्येक घरी एक पान द्यावं, त्यावर "घाला" आणि "घालू नका" अशा दोन रांगा. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागावं, कारण टाकी बाईच्या हाती असते, सातबारा कोणाच्याही नावावर असो. पीएच कागदाची एक पट्टी आणि वर्षातून दोन भेटी अनुदानाच्या अटीतच असाव्यात. ग्रामपंचायतींनी बाजारात भाजीची टोपली आणि मासळीची टोपली वेगळी ठेवावी. एकत्र झाली की दोन्ही वाया. आणि पशुवैद्यकांनी औषधाच्या चिठ्ठीवर दुधाबरोबर शेणाचेही दिवस लिहावेत. यांतल्या कशालाही नवी योजना लागत नाही.

काकूंच्या टाकीचं पुढं काय झालं, हे विचाराल. स्लरी उपसली, शेजारच्या पाड्यावरच्या चालू टाकीतून विरजण आणलं, गोठ्याची वाट वळवली. गणपतीत मोदक चुलीवरच उकडावे लागले. नवरात्रात निळी ज्योत आली, तीही एकाच शेगडीपुरती, कारण जनावरं दोनच उरली आहेत. घुमटावरची फाटी हलली. गवंड्याकडे मात्र अजून कोणी गेलेलं नाही. ते काम माझ्या खात्याचं नाही, पण पुढच्या खेपेला बोलून बघणार आहे.

तुमच्या परसातली टाकी रुसली असेल, तर आज रात्री एक वही घ्या आणि गेल्या महिन्यात तिच्या पोटात काय काय गेलं ते आठवून लिहा. पोल्ट्रीखत, मासळी, फिनेल, तेल, औषध, सगळं. ती वही घेऊन तुमच्या भागातल्या कृषी सहायकाला किंवा विस्तार अधिकाऱ्याला भेटा. गवंड्याला बोल लावणं त्यानंतरही करता येईल.